तुम्ही विचारलंत म्हणून: नॅनोट्यूबचा डिटेक्टर आपल्या कॉलेजात होईल का?

लातूर, नांदेड, बीडकडची एमएस्सीची मुलं प्रोजेक्ट ठरवताना हमखास विचारतात: कार्बन नॅनोट्यूबने (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीने) मायक्रोवेव्ह आणि त्याहून जास्त वारंवारतेच्या टेराहर्ट्झ लहरी पकडता येतील का? एकट्या ट्यूबने अवघड. फिल्मने, म्हणजे ट्यूबच्या पातळ थराने, येतील.

एका धातुगुणी ट्यूबचा रोध, जोड अगदी आदर्श धरले तरी, 6.45 किलोओहम. केबल 50 ओहमची. आलेल्या शक्तीतली जेमतेम 3 टक्के आत शिरते, बाकीची माघारी. मोटेचं पाणी ठिबकच्या नळीत ओतल्यासारखं. फिल्ममध्ये असंख्य ट्यूब समांतर येतात आणि रोध उतरतो.

एकभिंती ट्यूब 1 टक्का एसडीएसच्या (साबणासारख्या रसायनाच्या) पाण्यात, भांडं बर्फात ठेवून, सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्राने) पसरवा. अती केलं तर ट्यूब तुटतात. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण 0.2 मायक्रॉन छिद्रांच्या मेम्ब्रेनवर (गाळणीच्या पातळ पापुद्र्यावर) व्हॅक्यूमने गाळा आणि फेस थांबेपर्यंत धुवा. साबण राहिला की रोध फुगतो. कोरडी पावडर काढताना मास्क हवा, पंखा बंद.

वाळल्यावर 10 × 2 मिमीची पट्टी कापा, टोकांना सिल्व्हर पेस्ट लावा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पट्टी मुळातच पी-प्रकारची (धन भारवाहकांची) असते. अर्ध्या भागाला पॉलिइथिलिनइमाइन हे रसायन लावलं (यालाच डोपिंग म्हणतात) की तो एन-प्रकारचा (ऋण भारवाहकांचा) होतो. मधला सांधा तापला की टोकांत मायक्रोव्होल्टमध्ये व्होल्टेज येतं. आधी गरम सोल्डरिंग आयर्न न टेकवता जवळ नेऊन बघा: सांध्याशी एक चिन्ह, दोन्ही टोकांशी उलटं. तसं नसेल तर डोपिंग फसलंय, पुढे जाऊ नका.

आता विभागातला एक्स-बँड बेंच, म्हणजे मायक्रोवेव्हच्या प्रयोगांची मांडणी. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. त्यातला एसडब्ल्यूआर मीटर (परत फिरणारी लहर मोजणारा) 1 किलोहर्ट्झला जुळवलेला असतो, म्हणून मॉड्युलेशनही (लहर चालू-बंद करण्याचा वेगही) तेवढंच ठेवतात; पण मेम्ब्रेनवरची फिल्म इतक्या झटपट तापत-निवत नाही, सिग्नल गायब. लॉक-इन अॅम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचा बारीक सिग्नल गोंगाटातून वेचणारं यंत्र) घ्या, मॉड्युलेशन 8 हर्ट्झ ठेवा. 10 नको, त्याची पाचवी हार्मोनिक (पाचपट वारंवारता) नेमकी मेनच्या विजेच्या 50 हर्ट्झवर बसते.

सिग्नल आला म्हणून लगेच पेढे वाटू नका. हॉर्न (लहर बाहेर सोडणारा कर्णा) आणि पट्टीच्या मधे पत्रा धरा: शून्य झालं पाहिजे. नाही झालं तर लहर वायरीतून शिरतेय. वायरी पीळ देऊन शील्ड करा. मग थर्माकोल धरा. त्यातून मायक्रोवेव्ह जाते, गन ऑसिलेटरच्या (मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या भागाच्या) बॉडीची ऊब जात नाही.

टेराहर्ट्झचा सोर्स मिळालाच तर 0.557 आणि 0.752 टेराहर्ट्झ टाळा, तिथे हवेतली वाफच लहर गिळते. मे महिन्यातलं रीडिंग ऑगस्टमध्ये जुळत नाही ते त्यामुळेच. शिवाय एन भाग उघड्या हवेत हळूहळू पुन्हा पीकडे सरकतो; पट्टी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, आयर्नची चाचणी दर वेळी करा.