आटत्या पैशात संग्रह सांभाळताना: पहिल्या सहा महिन्यांची नोंद

संग्रह पाळीव साप-सरड्यांचा, मिश्र आहे: बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे साप, लेपर्ड गेको, क्रेस्टेड गेको आणि एक बिअर्डेड ड्रॅगन हे सरडे, मिळून १२ पेट्या. काटकसर करायची ती उष्णतेत आणि खाद्यात. यूव्हीबी (हाडांसाठी लागणारा अतिनील प्रकाश), कॅल्शियम आणि डॉक्टरांसाठी बाजूला काढलेली रक्कम या तिन्हींना हात लावायचा नाही. तिथे वाचवलेला पैसा ठिसूळ हाडांच्या रूपाने कितीतरी पटींनी परत जातो, आणि भोगतो तो प्राणी.

महिना १ : वीज

प्रत्येक पेटीला प्लगमध्ये बसणारे वीजमीटर सलग ७ दिवस लावले. १०० वॅटचा दिवा १२ तास चालला की दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. एवढा हिशेब कागदावरही होतो. थर्मोस्टॅटवरचा (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या उपकरणावरचा) हीटर मात्र चालू-बंद होत राहतो. त्याचा खरा खर्च त्यावर छापलेल्या वॅटवरून कळत नाही, तो मीटरच सांगतो.

उष्णता सर्वांत जास्त जाते ती वरच्या जाळीतून. म्हणून बॉल पायथनच्या पेटीची दोन-तृतीयांश जाळी झाकली, आणि मागची व दोन्ही बाजूंची काच बाहेरून २५ मिलिमीटर जाडीच्या फोम बोर्डने मढवली. दिव्याभोवती २० सेंटिमीटर मोकळे ठेवले. फोम वितळतो आणि पेटतोही. फोम आत कधीच लावू नये. खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे आणि मीलवर्म (अळ्या) तो कुरतडतात आणि सरड्याच्या पोटात चुरा जातो. ड्रॅगनच्या पेटीची जाळी मात्र पूर्ण उघडी ठेवली. ती झाकली की दमटपणा चढतो आणि कोरड्या मुलखातल्या या प्राण्याला श्वसनाचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही.

यातच एक धोका आहे. फोम लावल्यावर पेटीखालच्या हीट मॅटची (विजेवर तापणाऱ्या चटईची) उष्णता अडकते. मॅटखाली ४-५ मिलिमीटर हवा खेळती राहील असे पाय लावावेत. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काच यांच्या मधोमध चिकटवावा. तो पेटीत सुटा ठेवला तर साप त्याला ढकलून गार कोपऱ्यात नेतो, थर्मोस्टॅटला वाटते पेटी गार आहे, आणि मॅट पूर्ण जोरात तापत राहते. पोटाखालचे खवले भाजतात ते असे. दर आठवड्याला इन्फ्रारेड थर्मामीटरने आतल्या पृष्ठभागाचे तापमान वेगळे तपासायचे. बॉल पायथनच्या उबदार बाजूला ते ३१ ते ३३ अंशांच्या आत हवे.

रात्री ड्रॅगन, कॉर्न स्नेक आणि लेपर्ड गेको यांना २० अंश चालतात, त्यामुळे त्यांचे रात्रीचे हीटर बंद केले. बॉल पायथनचे २५ च्या खाली जाऊ दिले नाही. क्रेस्टेड गेकोला खोली २२-२३ अंशांवर असली की हीटर लागतच नाही.

महिना २ ते ५ : डुबिया झुरळे

सरड्यांसाठी विकतचे रातकिडे बंद करायचे तर ही झुरळे घरी वाढवणे हाच मार्ग, पण घाई करणाऱ्याचा नाही. एक मादी साधारण दोन महिन्यांना २० ते ३० पिल्ले देते आणि पिल्लू वयात यायला ४ ते ६ महिने घेते. बारीक पिल्ले स्वस्त मिळतात म्हणून त्यांपासून सुरुवात केली तर पहिले अर्धे वर्ष फुकट जाते. एका नरामागे ४ माद्या या प्रमाणात प्रौढच आणावीत. १०० माद्यांकडून कागदोपत्री महिन्याला १२५० पिल्ले होतात; हिशेबात निम्मीच धरावीत आणि वसाहत दुप्पट होईपर्यंत एकही प्रौढ मादी खाऊ घालू नये.

डबा ५०-६० लिटरचा, गडद रंगाचा. झाकणात कापलेल्या खिडकीला धातूची जाळी. अंड्यांचे ट्रे उभे लावावेत, म्हणजे विष्ठा खाली पडते. तापमान २८ ते ३२. २५ च्या खाली प्रजनन जवळजवळ थांबते. वेगळा हीटर टाळण्यासाठी डबा सर्वांत गरम पेटीच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. खाद्य म्हणजे कोंडा, ओट्स, पालेभाजी आणि पाण्यासाठी गाजर. कुत्र्या-मांजरांचे खाद्य भरपूर घातले तर झुरळे जादा प्रथिन युरिक आम्लाच्या रूपात साठवतात. सरड्यांना ते नकोच.

नरांचे पंख कुरतडलेले, कडा दातेरी दिसल्या तर गर्दी झाली आहे किंवा पाणी-प्रथिन कमी पडते आहे. साफसफाई मास्क लावूनच करावी, त्या धुळीची ॲलर्जी हळूहळू जडते. आणि काही ठिकाणी डुबिया पाळायलाच बंदी असते, तेव्हा नियम आधी पाहावा.

साप

इथे बचत झाली ती जास्त खाऊ घालणे थांबवून. प्रौढ बॉल पायथनला वजनाच्या ५ टक्के, दर २-३ आठवड्यांनी पुरते. १५०० ग्रॅमच्या सापाला ७५ ग्रॅमचा उंदीर. दरमहा वजन नोंदवायचे. गोठवलेले उंदीर चार-पाच पाळणाऱ्यांनी मिळून घाऊक घेतले की स्वस्त पडतात. उणे १८ अंशांवर, हवा काढलेल्या पिशवीत, तारीख घालून ठेवावेत आणि सहा महिन्यांत संपवावेत. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये.

पिल्ले विकून खर्च काढायचा विचार सोडून दिला आहे. कॉर्न स्नेकच्या एका खेपेची १५ पिल्ले तीन महिने विकली गेली नाहीत, तर आठवड्याला एक या हिशेबाने उंदरांची १९५ गुलाबी, नवजात पिल्ले लागतात, शिवाय १५ वेगळे डबे. मंदीत घेणाराही तेवढाच अडचणीत असतो. त्यापेक्षा जादा डुबिया, आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल (पेटीतली घाण खाणारे बारीक जीव) आणि पोथॉसची (मनी प्लँटची) कलमे खपतात. कोळसा, थोडे पाणी आणि चिमूटभर यीस्ट एवढ्यावर स्प्रिंगटेलचा डबा दीड-दोन महिन्यांत भरतो.

राहिलेली कामे: यूव्हीबी ट्यूब वर्ष झाले म्हणून डोळे मिटून बदलण्याआधी यूव्ही मीटरने मोजायची आहे. ड्रॅगनच्या बसण्याच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ च्या खाली आला तर लगेच नवी, नाहीतर आणखी दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी. मीटर महाग आहे, पण तो मिळून घेता येतो. कॉर्न स्नेकच्या विष्ठेची तपासणीही बाकी आहे. नमुना २४ तासांच्या आतला हवा, म्हणून ती पुढच्या खाऊ घालण्यानंतर.