मॅन्युअल कशात लिहायचं
आज परत तोच विषय. कोड गिटमध्ये (फाईलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) आहे पण मॅन्युअल अजून लिबरऑफिसच्या ओडीटी फाईलमध्येच पडलंय, आणि ओडीटी म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल, त्यामुळे कोणी नुसता स्वल्पविराम हलवला तरी गिट म्हणणार बायनरी (ओळीओळीने वाचता न येणारी) फाईल बदलली, बास, काय बदललं ते शोधा तुमचं तुम्ही. दोघांनी एकाच वेळी हात घातला तर एकाचं ठेवायचं नि दुसऱ्याचं परत टाईप करायचं. लिबरऑफिस वाईट नाही हां, पत्रबित्र मी त्यातच लिहिते, पण पुलरिक्वेस्टवाल्या कामाला, म्हणजे कोणी बदल सुचवायचा आणि बाकीच्यांनी तपासून आत घ्यायचा, ते नाही चालत.

म्हणजे साधा टेक्स्ट हवा, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे भांडण. एक जण लाटेकसाठी (टेक्स्टमध्ये कमांड लिहून छापील पानं बनवायची पद्धत) अडून बसलाय. पीडीएफ देखणी निघते, समीकरणांना तर तोडच नाही, पण आमच्याकडे समीकरण एकही नाही आणि लोक वाचणार ब्राउझरमध्ये! वर एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की एरर कुठल्या कुठे दाखवतं, नवीन माणूस तिथूनच पळेल.

मार्कडाउन (साध्या टेक्स्टमध्ये तारका-बिरका टाकून मांडणी सांगायची पद्धत) सगळ्यांना येतं, २००४ पासूनचं आहे, पण मुळात टेबलचीच सोय नाही, दुसरी फाईल आत ओढता येत नाही, मग प्रत्येक टूलने आपापली भर घातली आणि आता इकडचं तिकडे नेलं की काहीतरी मोडतंच. स्फिंक्स (साध्या टेक्स्टमधून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) दमदार आहे, पायथनचं डॉक्युमेंटेशन त्यावरच चालतं, लिनक्स कर्नलवालेपण २०१६ मध्ये डॉकबुक या जुन्या पद्धतीकडून तिकडे वळायला लागले. पण त्यासाठी लिहायचं ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, आणि त्यात साधी लिंक द्यायची तर बॅकटिक (`) आणि मागे अंडरस्कोर, माझ्या तरी लक्षात राहत नाही.

मी आस्कीडॉकच्या बाजूने, तीही मार्कडाउनसारखी साध्या टेक्स्टचीच पद्धत. टेबलातले जोडलेले सेल, इन्क्लूड (दुसरी फाईल आत ओढणं), सूचनांच्या चौकटी सगळं मुळातच आहे, आणि मुख्य म्हणजे ज्याला फक्त एक टायपो सुधारायचाय त्याला काही शिकावं लागत नाही, आमच्याकडे बहुतेक मदत अशीच येते. गिटहबच्या (गिटमधलं काम ठेवायची साइट) प्रिव्ह्यूत इन्क्लूड उलगडत नाहीत, ते चालवून घेऊ.

काहीही ठरलं तरी एक वाक्य एक ओळ हा नियम मी लावूनच धरणार, कारण डिफ, म्हणजे काय बदललं ते दाखवणारा फरक, ओळीओळीने चालतो, अख्खा पॅरा एका ओळीत असला की एका शब्दासाठी सगळा पॅरा लाल-हिरवा होतो. पहिलं प्रकरण पॅनडॉकमधून (एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारात बदलणारं टूल) काढायला घेतलंय, टेबलं बहुतेक हातानेच नीट करावी लागणार.