अठरा ट्रॅक आणि एक डाग

एका संशोधन गटाकडून आमच्याकडे संगणकाच्या टेपची कार्ट्रिजेस माहिती परत काढायला आली. त्यांत विहिरींच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी होत्या. कागदी वह्या केव्हाच नष्ट झालेल्या, दुसरी प्रत कुठेही नाही. ज्या कार्ट्रिजवर सगळी भिस्त होती, त्याच्या लेबलवर निळ्या शाईत १९९३ साल लिहिलेलं. त्या नोंदी ज्यांनी स्वतः घेतल्या होत्या, त्या निवृत्त मॅडम कार्ट्रिज हातात धरूनच आल्या होत्या.

कार्ट्रिज पाव इंची टेपचं, डीसी ६१५० जातीचं. थ्रीएम कंपनीने १९७२ साली आणलेल्या घराण्यातलं हे पुढचं रूप. खाली जाडसर धातूचा पत्रा, वर पारदर्शक प्लास्टिक, आत सहाशे फुटांहून थोडी जास्त टेप. क्षमता १५० मेगाबाइट. आज एवढ्यात काही फोटो बसतात, पण त्या काळी एका गटाचं कित्येक वर्षांचं काम त्यात मावत असे.

मॅडमना वाटत होतं की टेप लगेच मशिनमध्ये घालू. मी म्हणाले, "मॅडम, आधी ड्राइव्ह तपासू दे. ही टेप एकदा फाटली तर पुन्हा मिळणार नाही." या कामात मी घाईला कधीच मान देत नाही. जुन्या टेपचे बहुतेक मृत्यू आजारी ड्राइव्हमध्ये होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्राइव्ह उघडला आणि कारण समोरच दिसलं. कार्ट्रिजला फिरवणारा रबरी रोलर विरघळला होता. वरून काळा आणि चकचकीत दिसत होता, पण नखाने दाबल्यावर डांबरासारखा बोटाला चिकटला. या ड्राइव्हमध्ये मोटर टेपला थेट हात लावत नाही. रोलर कार्ट्रिजमधल्या चाकाला टेकतो, चाक आतला पट्टा फिरवतं आणि पट्टा टेपच्या दोन्ही गुंडाळ्या ओढतो. रोलर चिकट झाला की सगळी साखळी अडखळते.

जुनं रबर खरवडून काढलं, धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि त्यावर रबरी नळीचा तुकडा घट्ट चढवला. खरं काम पुढेच होतं. मोटरचे फेरे ठरलेले असतात, त्यामुळे टेपचा वेग रोलरच्या व्यासावर ठरतो. नळी जरा जाड राहिली तरी टेप वेगाने धावते आणि सिग्नल हातातून निसटतो. म्हणून मोटर फिरवत नळी बारीक पॉलिशपेपरने घासली, व्यास मोजायला कॅलिपर लावला, पुन्हा घासली. हे काम मला मनापासून आवडतं.

टेपची टोकं शोधणारा प्रकाशसेन्सरही साफ केला. या टेपची टोकं गुंडाळीच्या दांड्याला बांधलेली नसतात. टोकाजवळ बारीक भोकं असतात, त्यांतून प्रकाश आरपार गेला की ड्राइव्ह थांबतो. सेन्सरवर धूळ असेल तर ड्राइव्ह थांबतच नाही आणि टेप गुंडाळीवरून सुटून जाते.

मग निरुपयोगी टेपवर चाचणी झाली: लिहिलं, वाचलं, जुळलं. त्यानंतरच मॅडमचं कार्ट्रिज घेतलं. पत्र्याचे स्क्रू काढून आत पाहिलं, तर पट्टा सैल पडला होता. तुलनेने नव्या कार्ट्रिजचा पट्टा काढून त्यात बसवला. मग टेप सावकाश शेवटपर्यंत नेऊन परत आणली, म्हणजे गुंडाळी सैल राहत नाही.

संगणकातल्या स्कझी जोडणीच्या कार्डला ड्राइव्ह जोडला, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल उलटा फिरू न देणारी टोपणं, आहेत ना ते पाहिलं, ब्लॉकचा, म्हणजे एकेका तुकड्याचा, आकार ५१२ बाइट ठरवला आणि डीडी या नक्कल करणाऱ्या आदेशाने वाचन सुरू केलं. थोड्याच वेळात ते संपलं. फाईल उघडली तर आत फक्त जुन्या मशिनच्या सेटिंग्ज. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "एवढंच आहे का हो?"

एवढंच नव्हतं. टेपवर एकामागून एक आर्काइव्ह, म्हणजे फाईलींचे गठ्ठे, असतात, मध्ये गठ्ठा संपल्याची खूण, फाइलमार्क, असते आणि डीडी तिथे थांबतं. संगणकात ड्राइव्हला असलेल्या एसटी-शून्य या नावाने वाचलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला येते आणि दरवेळी तोच पहिला तुकडा हाती लागतो. मी त्याच ड्राइव्हचं दुसरं नाव, एनएसटी-शून्य, वापरलं होतं, त्यात टेप जागच्या जागी राहते. तोच आदेश पुन्हा दिला. या वेळी ड्राइव्ह थांबला नाही. फाईल वाढत गेली आणि नावांच्या यादीत विहिरींचे क्रमांक दिसू लागले. मॅडम एकेक क्रमांक मोठ्याने वाचत होत्या, "ही आमची, हीसुद्धा."

मग अडखळणं सुरू झालं. ड्राइव्ह एकाच जागी पुढे-मागे करू लागला. असं घासत राहणं टेपला मारतं, म्हणून वाचन लगेच थांबवलं. टेप वाचणारं हेड पुसलं, कापसाच्या बोळ्यावर तपकिरी पूड आली. पुन्हा सुरू केलं, आणि पुढे परत अडलं. रोलरवरच संशय जात होता. पण कुठल्या ब्लॉकवर चूक आली ते मी लिहून ठेवत होते, आणि त्या आकड्यांत एक नियम दिसला. चुकांमधलं अंतर एकदा लांब, एकदा आखूड, पुन्हा लांब. लगतच्या दोन अंतरांची बेरीज दरवेळी साडेसोळा मेगाबाइटच्या आसपास.

आणि उलगडा झाला. या टेपवर अठरा ट्रॅक, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या समांतर रेघा, असतात. हेड एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातं, किंचित सरकतं आणि उलट दिशेने परत येतं. एका ट्रॅकवर सुमारे सव्वाआठ मेगाबाइट. बेरीज दोन ट्रॅकइतकी येते, याचा अर्थ टेपच्या लांबीत एकाच जागी एकच डाग आहे आणि प्रत्येक फेरीत हेड त्याच्यावरून जातं. ड्राइव्ह निर्दोष होता. रोलर पुन्हा काढून खटपट केली असती तर सगळा वेळ वाया गेला असता.

पुढचा मार्ग सरळ होता. डाग कुठे येणार ते आधीच माहीत असल्याने त्याच्याआधी थांबून हेड साफ करायचं आणि मग पुढे जायचं. बरेच ब्लॉक यामुळे वाचले. जे वाचलेच नाहीत, तिथे डीडीने शून्यं भरली, म्हणजे बाकीच्या नोंदी आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. मॅडमच्या गटाने प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची ठेवली होती, त्यामुळे नेमकी कुठल्या विहिरीची कुठली नोंद गेली हे सांगता आलं. अशी शिस्त पाळणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

मॅडमनी गेलेल्या नोंदींची यादी छापून मागितली. टेपची कच्ची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उलगडलेल्या फाईल्स आणि ती यादी, तिन्ही एकत्र ठेवून दोन वेगळ्या डिस्कवर त्यांना दिलं. कोऱ्या जागी अंदाजाने आकडे भरू नयेत, असं त्यांनी स्वतःच वरच्या ओळीत लिहून ठेवलं. उरलेल्या कार्ट्रिजेसचे पट्टे आता सगळ्यात आधी बदलून घेते आहे.