काकू, मी काही सांगणार नाही

"टेक्निकल रायटिंग शिकायचंय, कुठला कोर्स करू?" असं ऑफिसातली नवी मुलं विचारतात. करा की कोर्स. भाषा सुधारते, सॉफ्टवेअरं हाताखालून जातात. पण युजेबिलिटी, म्हणजे एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे ते, शिकायची तर कोणी स्क्रीन वापरत असताना शेजारी तोंड मिटून बसायला लागतं. मुंबईकराला हे फार जड. ठाण्याच्या फलाटावर कोणी गोंधळलेला दिसला की आपण न विचारताच सांगतो, "ओ, ही स्लो आहे, पलीकडे जा."

मध्यंतरी डोंबिवलीत आमच्या शेजारच्या काकूंना एक फॉर्म भरायला दिला. "मनात येईल ते मोठ्याने बोला. मी काही सांगणार नाही."

"आणि अडले तर?"

"तरी नाही."

काकूंनी मोबाइल नंबर टाकला: पाच आकडे, थोडी जागा, पुन्हा पाच. आपण नंबर सांगतोही तसाच. लाल अक्षरं उमटली, ‘अवैध नोंद’. काकूंनी चष्मा पुसला, नंबर परत टाकला, मधल्या जागेसकट. परत लाल. मग आत जाऊन डायरी आणली आणि स्वतःचाच नंबर ताडून पाहिला. "माझंच काहीतरी चुकत असेल रे."

अशा वेळी लेखकाचे हात शिवशिवतात. रकान्याखाली एक सूचना टाकावी, ‘मोबाइल क्रमांक मोकळी जागा न सोडता लिहावा’, की झालं काम! मी ती लिहिली नाही. डेव्हलपरला म्हटलं, मधली जागा कोडनेच काढून टाक. ते काम चहा निवायच्या आत झालं. ‘अवैध नोंद’ मात्र मी बदललं: ‘नंबर 10 आकडी हवा, तुम्ही 9 आकडे टाकले आहेत.’ युजेबिलिटीतला जाणकार जेकब नील्सन, त्याने 1994 साली मांडलेल्या दहा तत्त्वांत हे आहेच: चूक साध्या भाषेत सांगा, नेमकी सांगा, पुढे काय करायचं तेही सांगा.

याच नील्सनचं 2000 सालचं म्हणणं, पाच जणांवर चाचणी केली तरी सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात. हे ऐकून आमच्याकडे अंधेरीच्या ऑफिसातलेच पाच जण धरून बसवतात. सगळे तिशीतले, सगळ्यांचे फोन महागडे. याला मी चाचणी म्हणत नाही. तोही म्हणतोच की वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक गटातली माणसं घ्या, पण तेवढं सोयीस्करपणे विसरलं जातं.

रंगांचंही तेच. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेल्या निकषांच्या, एए पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान 4.5:1 हवा. डिझायनरला आकडा पटेना, म्हणून त्याला भर दुपारी दादरच्या पुलावर नेलं आणि त्याचीच फिकट राखाडी अक्षरं वाचायला लावली. मॉनिटरवर छान दिसतात म्हणे!

आता मराठी स्क्रीनची पाळी आहे. बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलीय, त्यामुळे वेलांट्या वरून कापल्या जातायत. तेवढं दुरुस्त झालं की पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना बसवणार आहे. ते बोलतील भरपूर, त्याची चिंता नाही.