मुख्य बँडच्या आधीचा अर्धा तास

एखादा बँड नावारूपाला येण्याआधी आपण त्याला ऐकले होते, हे सांगताना कोणाचाही आवाज थोडा चढतो. माझाही चढतो, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. ज्याच्यासाठी तिकीट काढलेले नव्हते, ज्याचे नावही माहीत नव्हते, त्याने अर्ध्या तासात आपल्याला जिंकून घ्यावे, हा संगीतातला फार मोठा आनंद आहे. मात्र पुढे तोच बँड सर्वत्र वाजू लागला, की त्या रात्रीच्या आठवणीवर नंतरच्या कीर्तीचा थर चढत जातो. त्या थराखालचे मूळ ऐकणे शोधून काढायचे, तर आठवण बारकाईने तपासावी लागते.

माझ्या मनात सर्वांत ठळक राहिलेला बँड तिघांचा होता. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते वाचताच त्यांची आजची गाणी तुमच्या कानांत वाजू लागतील आणि मला सांगायचे आहे ते त्या गाण्यांच्या आधीचे आहे. सभागृह निम्मेही भरलेले नव्हते. मुख्य बँडचा ड्रमसेट कापडाखाली झाकून मंचाच्या मध्यभागी ठेवलेला होता, त्यामुळे या तिघांना पुढच्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने उभे राहावे लागले होते. पहिल्या गाण्यात गायिकेचा आवाज गिटारखाली पूर्ण दबला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ध्वनियोजकाने तो वर आणला आणि शब्द कळू लागले. चौथ्या गाण्यात पहिले कडवे संपल्यावर त्यांनी सगळी वाद्ये थांबवली. चार ठोक्यांची ती शांतता त्यांनी संपूर्ण पाळली, मागे लोकांच्या गप्पा स्पष्ट ऐकू येत असतानाही, आणि मग तिघे एकाच क्षणी पुन्हा वाजवू लागले. आज ते हेच गाणे प्रचंड मैदानांत वाजवतात, तेव्हा ती चार ठोक्यांची जागा हजारो लोक ओरडून भरून काढतात. तेही सुंदर आहे. पण त्या रात्री तिथे त्यांना साथ देणारे कोणी नव्हते, आणि तरीही त्यांनी घाई केली नाही, ही गोष्ट मला कोणत्याही नंतरच्या ध्वनिमुद्रणाने शिकवलेली नाही. म्हणून या आठवणीवर माझा विश्वास आहे.

बाकीच्या काही आठवणींबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. कीर्ती आठवणीचे काय करते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मँचेस्टरचे आहे. तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये 4 जून 1976 रोजी सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक साधारण चाळीसच्या आसपास होते असे मानले जाते; आपण त्या रात्री तिथे होतो असे पुढे सांगणाऱ्यांची संख्या मात्र त्याच्या कितीतरी पट झाली. मला या कथेतला दुसरा तपशील अधिक मोलाचा वाटतो. तो कार्यक्रम हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी ठरवला होता आणि आधी वाजवण्याचा त्यांचाच विचार होता. पण त्यांच्या बझकॉक्स या बँडची तयारी झाली नव्हती, म्हणून सोल्स्टिस नावाच्या बँडने सुरुवात केली. बझकॉक्सने 20 जुलै रोजी, त्याच सभागृहात सेक्स पिस्टल्स पुन्हा आले तेव्हा, आधी वाजवले. म्हणजे त्या गाजलेल्या पहिल्या रात्री भविष्यातले प्रसिद्ध लोक मंचावर कमी आणि प्रेक्षकांत जास्त होते: पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा करणारे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर तिथे श्रोते म्हणून उभे होते.

आपण ऐकले म्हणजे आपल्याला ते कळलेच, असेही नसते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 1967च्या जुलैमध्ये अमेरिकेत मंकीज या बँडच्या आधी वाजवत होता. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात त्याने श्रोत्यांना थक्क करून जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि खुद्द मंकीजमधल्या काहींना तो मनापासून आवडत होता. परंतु समोर बसलेल्या किशोरवयीन मुली मंकीजच्या डेव्ही जोन्ससाठी आल्या होत्या, आणि हेंड्रिक्स वाजवत असताना त्या डेव्हीच्या नावाने हाका मारत राहिल्या. त्याचा पहिला अल्बम अमेरिकेत ऑगस्टमध्ये यायचा होता, त्यामुळे हे काय चालले आहे हे समजण्यासाठी त्यांच्याजवळ काहीच आधार नव्हता. न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. त्या मुलींना मी दोष देणार नाही. ज्याची वाट पाहत आपण बसलो आहोत त्याच्या आधी येणारा प्रत्येक जण आपल्याला अडथळाच वाटतो, आणि तसे वाटत असताना कान उघडे ठेवणे फार थोड्यांना जमते.

प्रिन्स या अमेरिकी गायकाच्या बाबतीत हे अधिक कठोरपणे घडले. रोलिंग स्टोन्स या बँडने ऑक्टोबर 1981मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या मैदानावर त्याला आधी वाजवण्यासाठी बोलावले होते, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवत त्याच्या अंगावर वस्तू फेकल्या. त्या मैदानात हजारो लोक होते. प्रिन्सला सुरुवातीच्या काळात ऐकले असे त्यांतले अनेक जण नंतर म्हणाले असतील आणि ते खरेही असेल, पण त्या दिवशी आपल्या हातात काय होते हे आठवणीने सांगणाऱ्याला मी जास्त मान देईन.

सुरुवातीच्या बँडची परिस्थिती कशी असते, हे ठाऊक असेल तर ऐकणे बदलते. बहुतेक ठिकाणी साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, कार्यक्रमाच्या उलट क्रमाने होतो: मुख्य बँड आधी, सुरुवातीचा बँड शेवटी, म्हणजे सुरुवातीच्या बँडचे सामान मंचावर तसेच राहते आणि प्रेक्षक आत आले की लगेच वाजवायला घेता येते. यात सोय आहे, पण मुख्य बँडला वेळ जास्त लागला तर कपात यांच्याच वाट्याला येते, आणि अनेकदा पहिले गाणे हाच त्यांचा साउंडचेक ठरतो. प्रकाशयोजना मोजकी असते. वेळ अर्ध्या तासाची, फार तर चाळीस मिनिटांची. पुन्हा एकदा वाजवण्याचा आग्रह झाला तरी तो पुरवण्याची मुभा सहसा नसते. म्हणून अशा बँडचे पहिले गाणे फसले तर मी तेवढ्यावरून मत बनवत नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबतो.

कधीकधी मात्र क्रमच डोळ्यांदेखत उलटतो. बीटल्स फेब्रुवारी 1963मध्ये सोळा वर्षांच्या हेलन शपिरो या गायिकेच्या दौऱ्यात तिच्या आधी वाजवणारा बँड म्हणून फिरत होते. त्याच वर्षी मे महिन्यात रॉय ऑर्बिसनबरोबर दौरा निघाला, तेव्हा शेवटी वाजवण्याचा मान बीटल्सकडे आला होता आणि ऑर्बिसनसारखा गायक त्यांच्या आधी गात होता. या दोन दौऱ्यांमध्ये जेमतेम काही महिन्यांचे अंतर होते.

मला स्वतःला जिथे असायला फार आवडले असते ती रात्र 31 डिसेंबर 1991ची. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये रेड हॉट चिली पेपर्स मुख्य होते, त्यांच्या आधी निर्वाणा आणि त्याहीआधी पर्ल जॅम. पर्ल जॅमचा पहिला अल्बम ऑगस्टमध्ये आला होता, निर्वाणाचा दुसरा सप्टेंबरमध्ये, आणि निर्वाणाचा तो अल्बम 11 जानेवारी 1992च्या बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. म्हणजे त्या रात्री मंचावरचा क्रम काही महिन्यांपूर्वीच्या जगाचा होता आणि सभागृहाबाहेरचे जग त्याच्या पुढे निघून गेले होते. दौरे आधी ठरतात, तिकिटे आधी विकली जातात, आणि लोकांचे मन मधल्या काळात बदलते. प्रसिद्धीच्या उंबरठ्यावरचा बँड ऐकायला मिळतो तो बव्हंशी या फटीमुळे.

या सगळ्यात एक अन्याय राहतो, आणि तो मला खरोखर खुपतो. आपण आठवतो ते बँड पुढे प्रसिद्ध झाले म्हणून आठवतो. मी ऐकलेल्या सुरुवातीच्या बँडपैकी बहुतेक पुढे कोठेच दिसले नाहीत, आणि त्यांतले काही साधारण होते हे मान्य केले तरी सगळे तसे नव्हते. एक चौघांचा बँड होता. कार्यक्रम संपल्यावर त्यांचा बासवादक स्वतःच टेबलामागे उभा राहून सीडी विकत होता, आणि मी एक घेतली. पुढे त्यांचा दुसरा अल्बम आला नाही. बँड मोडला असे मागाहून कळले. वर वर्णन केलेल्या तिघांशी मी त्यांची अनेकदा मनात तुलना केली आहे आणि गाण्याच्या गुणवत्तेत ते कमी होते असे मला एकदाही वाटलेले नाही. त्या तिघांना योग्य वेळी दुसरा मोठा दौरा मिळाला, पैसा लावणारी कंपनी मिळाली, नभोवाणीवर एक गाणे लागले. या चौघांना यांपैकी काही मिळाले नाही.

त्या सीडीवरचे तिसरे गाणे सात मिनिटांचे आहे. ते अतिशय संथ आहे, गाणारा आवाज तिसऱ्या मिनिटाला प्रथम येतो, आणि तोवर फक्त बास आणि ड्रम एकमेकांभोवती फिरत राहतात. हाती अर्धा तास असताना, आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांसमोर असे गाणे निवडणे म्हणजे जवळजवळ पाव वेळ पणाला लावणे होय, आणि त्यांनी त्या रात्री सुरुवातच त्याने केली.