हयातीचा दाखला

डोंबिवलीतल्या या इमारतीत येऊन आठ महिने झाले तरी माझी कुणाशी ओळख नव्हती. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तळमजल्यावरच्या आजी जिन्याच्या पायरीवर दमून बसलेल्या दिसल्या. बँकेत यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. तिसरा हेलपाटा होता. उभा जन्म भांडी घासण्यात गेला, बोटांवरच्या रेषा राहणार कुठून? आणि हयातीचा दाखला नाही दिला तर पेन्शन थांबणार.

"आजी, चेहरा दाखवूनही होतं म्हणे. मी बघू का?"

हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, 'जीवन प्रमाण', २०१४ पासून आहे, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ची. रात्री बसून सगळं समजून घेतलं. आधी मोबाइल चालवणाऱ्याने स्वतःची ओळख आधारवरून पटवायची. मग पेन्शनरचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँकेचा खाते नंबर, पेन्शन मंजूर करणारा विभाग, पेन्शन देणारी बँक. पुनर्विवाहाचा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा आजी तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी डोळ्यांची उघडझाप केली आणि प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला.

पण आठवड्याने कळलं, दाखला नाकारला गेला. मंजूर करणारा विभाग मी चुकीचा निवडला होता. आजी एका शब्दाने बोलल्या नाहीत, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पीपीओचा कागद समोर ठेवून पुन्हा भरलं, आणि ते मंजूर झालं. तेव्हापासून कागद पाहिल्याशिवाय मी एकही रकाना भरत नाही. ओटीपीही ज्याचा त्यानेच टाकायचा.

आजींनी चार घरी सांगितलं. पुढच्या नोव्हेंबरात जिन्याखाली टेबल मांडलं, तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले काका आपणहून शेजारी बसले. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून पेन्शन मिळणाऱ्यांना, ते समजावत: तुम्हाला नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. हे मलाही ठाऊक नव्हतं. निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी कुणाचं झालं, कुणाचं राहिलं याची वही ठेवली. त्यात फक्त नावं. आधार नंबर कुठेही लिहायचा नाही, हा त्यांचाच दंडक.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा अंथरुणाला खिळलेले. आम्ही तिघं वर गेलो. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती, चेहरा काळा पडत होता. काकांनी आणि मी पलंग फिरवला, काकूंनी त्यांना आधार देऊन बसवलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा झालं. एकोणीस वर्षं खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू त्या घरात पहिल्यांदाच आल्या होत्या. आजोबांच्या सूनबाईंनी चहा टाकला, आणि निघताना काकूंनी विचारलं, "उद्या दुपारी येऊन यांना पेपर वाचून दाखवला तर चालेल का?"