लेबल नसलेल्या अकरा कॅसेट

सोलापुरात नवी पेठेत माझे छोटे दुकान आहे. जुन्या कॅसेटवरचा आवाज संगणकावर उतरवून द्यायचा, हे माझे काम. लोक बहुधा लग्नातली भाषणे किंवा आजोबांचे कीर्तन घेऊन येतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका तरुणाने अकरा कॅसेट आणून ठेवल्या, ज्यांवर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. त्याचे आजोबा एकपडदा चित्रपटगृहात ऑपरेटर होते आणि केबिनमधल्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी हे भरून घेतले होते. गाणी जवळजवळ नव्हतीच. होते ते पार्श्वसंगीत, आणि त्यामागे प्रोजेक्टरची अखंड खडखड.

प्रत्येक फाइलला चित्रपटाचे नाव हवे होते. खडखडीपुढे मोबाइलवरच्या ॲपने हात टेकले, तेव्हा मीच कान लावला. तिन्हीसांजेचा माउथ ऑर्गन ऐकताच 'शोले' (१९७५) कळला, कारण तो कोणालाही कळेल. पुढच्या कॅसेटवर पुंगी होती, म्हणून 'नागिन' (१९५४) लिहिले. त्यानंतर मात्र सगळीच व्हायोलिने मला सारखी वाटू लागली आणि मी आजोबांनाच घेऊन यायला सांगितले.

या आजोबांची, म्हणजे काकांची, नजर अधू झाली आहे. ते खुर्चीत बसले, मी 'नागिन' लावले आणि पुंगी छान वाजवली आहे, असे सहज बोललो. "पुंगी कुठली वो त्यात," ते हसून म्हणाले. खरेच होते ते. तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर काढला होता आणि साथीला रवी यांचे हार्मोनियम होते. पुढे आगगाडीची शिटी आली, तेव्हा ती पुरती विरण्याआधीच त्यांनी 'पाकीजा' म्हटले आणि गाणी गुलाम मोहम्मद यांची असली तरी हे मागचे वाजवणे नौशाद यांचे, हेही जोडले. १९७२ मध्ये चित्रपट लागला, तेव्हा गुलाम मोहम्मद हयात नव्हते.

एवढे कसे लक्षात राहते, असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले, ते मला कधीच सुचले नसते. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जातात तसे त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागते, नाहीतर पडद्यावर अंधार होतो; त्यामुळे ऑपरेटरची नजर चित्रापेक्षा दिव्यावरच जास्त. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. ते संपत आल्याची खूण म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका येतो आणि मग अवघ्या सात-आठ सेकंदांत पुढचे रीळ लावलेले दुसरे यंत्र चालू करावे लागते. प्रिंट झिजलेली असली की तो ठिपका दिसेलच, याची खात्री नसे. म्हणून प्रत्येक रिळाच्या शेवटी काय वाजते, हे त्यांनी पाठ केले होते. चित्रपटाचा आस्वाद घेणाऱ्या रसिकाला जे संगीत जाणवतही नाही, तेच यांच्या नोकरीचा आधार होते.

आठ कॅसेट अशा तासाभरात ओळखून झाल्या. नववीवर वीणा आणि मृदंग होते. काका गप्प राहिले. चित्रपट तेलुगू होता, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांसाठी सकाळी लावलेला, एवढे त्यांनी सांगितले. नाव काही केल्या येईना. नातू म्हणाला, "राहू दे आज्जा." मी टेप बंद करण्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात वीणा थांबून एकच व्हायोलिन उरले आणि काका खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा उजवा हात हवेत, खांद्याच्या उंचीवर, नसलेल्या खटक्याकडे गेला होता.

"आता," ते म्हणाले.

टेपवर त्याच क्षणी खाडकन आवाज झाला आणि खडखडीचा सूर किंचित बदलला. दुसरे यंत्र सुरू झाले होते.

शेवटच्या दोन कॅसेट कोऱ्या निघाल्या. नवव्या फाइलला काय नाव द्यावे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून जे सांगितले, तेच मी टंकले: "तेलुगू, सकाळचा खेळ, रीळ वेळेवर बदलले."